विधेयक कुठे अडतं? महाराष्ट्र आणि कॅलिफोर्निया

दोन्हीकडे सभागृहं दोनच, पण ताकदीची वाटणी वेगळी. मुंबईत विधानसभा २८८ जणांची, विधान परिषद ७८ जणांची. परिषद साधं विधेयक आधी ३ महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर आणखी १ महिना रोखू शकते. त्यानंतर ते तिच्याशिवाय मंजूर धरतात. धन विधेयकाला (कर आणि सरकारी खर्चाचं) १४ दिवस. कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत मात्र ४० जणांच्या सिनेटने (वरिष्ठ सभागृहाने) नकार दिला की विषय संपला.

खरा फरक सहीच्या टेबलावर. आपल्या राज्यघटनेचं कलम २०० म्हणतं, संमती द्यायची नसेल तर राज्यपालांनी विधेयक ‘शक्य तितक्या लवकर’ परत पाठवावं. किती दिवसांत, ते लिहिलेलंच नाही. शिवाय राष्ट्रपतींसाठी राखून ठेवण्याची वाट आहेच. कॅलिफोर्नियात निवडून आलेल्या गव्हर्नरला साधारणपणे १२ दिवस, अधिवेशनाच्या शेवटी आलेल्या विधेयकांना ३०. मुदतीत सही नाही, नकारही नाही, तर कायदा आपोआप लागू. नकार आला तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. आपल्याकडे परत आलेलं विधेयक साध्या बहुमताने पुन्हा मंजूर केलं, की राज्यपालांना संमती रोखता येत नाही.

मतदानाचं म्हणाल तर इथे व्हीप (पक्षाचा आदेश) मोडला की दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, आमदारकी धोक्यात; तिथे पक्षाविरुद्ध मत दिल्याने जागा जात नाही. म्हणून तिथली घासाघीस समितीत दिसते, आपली बंद दाराआड उरकते.

आणि हो, तिथे १५ जूनपर्यंत अर्थसंकल्प मंजूर झाला नाही तर सदस्यांचा पगार कापला जातो!