कोरीवकामासाठी छोटं चेनसॉ मशीन, वर्षभर वापरून झाल्यावर

कोरीवकामाला किती पॉवरचं मशीन घेऊ असं बरेच जण विचारतात आणि मी दरवेळी हेच सांगतो की पॉवर नंतर, आधी बारचं, म्हणजे ज्या पट्टीभोवती चेन फिरते तिचं, टोक बघा. वर्षभर फणस, आंबा, शिवण असं मिळेल ते लाकूड कोरल्यावर माझं हे मत आणखी पक्कं झालंय. आमच्या सिंधुदुर्गात मे 2021 च्या तौक्ते वादळात फणस-आंब्याची भरपूर झाडं पडली, त्यातले ओंडके अजून लोकांच्या मांगरात (शेतातल्या खोपटात) पडून आहेत, चांगले सुकलेत, त्यामुळे मला लाकडाची ददात नाही.

माझं मशीन 18 व्होल्ट बॅटरीचं, वरच्या हँडलचं आहे, 10 इंची कार्व्हिंग बार आणि पाव इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) चेन. कार्व्हिंग बार म्हणजे पुढे निमुळता होत जाणारा बार. साध्या बारचं नाक रुंद असतं आणि त्यात छोटं चाक फिरतं, कार्व्हिंग बारला चाक नसतं, नुसतं कडक धातूचं भरीव टोक असतं. यात क्वार्टर टिप घेतली तर टोक साधारण 24 मिमी, म्हणजे आपल्या पाच रुपयांच्या नाण्याएवढं, आणि डाइम टिप 18 मिमीच्या आसपास. मी क्वार्टर घेतली आणि सुरुवात करणाऱ्याने तीच घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण डाइम टिपवर चेन फारच छोट्या वळणावरून जाते, टोक लवकर तापतं आणि चेन सतत बघत बसावी लागते.

टोकाचं एवढं सांगतोय ते उलट्या झटक्यामुळे. बारच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला की चेन तिथे अडकते आणि अख्खा बार तोंडाच्या दिशेने उसळतो. कोरताना तर सगळं काम नाकानेच असतं, म्हणजे साध्या बारने कोरणं हा सरळसरळ धोकाच. नाक बारीक असलं की एका वेळी कमी दात लाकडात जातात, झटका बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही हं, त्यामुळे दोन्ही हात मशीनवर, चेहऱ्यावर जाळी आणि कानावर मफ्स हे पाहिजेच.

घुबडाच्या डोळ्याचं उदाहरण देतो. आधी टोकाच्या खालच्या बाजूने गोलावर हलके हलके टेकवत जायचं, मग तीच खाच थोडी तिरकी करत खोल न्यायची, मधलं बुबुळ आपोआप वर उठून दिसतं. भुवईची कड, पंखांच्या रेघा, चोचीखालची सावली, एवढं सगळं मशीनवर होतं. त्याहून बारीक मात्र होत नाही, गणपतीच्या सोंडेवरच्या वळ्या किंवा बोटं करायची तर ग्राइंडर आणि शेवटी पटाशीच. ओल्या ओंडक्यात कोरायचं असेल तर मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत एक उभा काप मारून ठेवा, लाकूड सुकताना बहुतेक वेळा भेग तिथेच जाते, समोरचा चेहरा वाचतो.

ऑनलाइन मिळणारी चार-सहा इंची एका हातात धरायची मशीनं फांद्या छाटायला ठीक आहेत. पण त्यातल्या बऱ्याच मशीनांत ऑइल पंप नसतो, स्टिल कंपनीच्या जीटीए 26 मध्येसुद्धा नाही, चेनला हाताने तेल सोडावं लागतं. तासभर कोरत बसायचं तर आपोआप तेल येणारंच मशीन हवं, भरीव टोकाला तर तेल जास्तच लागतं. आणि तेल टाकताना गाडीचं जळकं इंजिन ऑइल अजिबात नको, फणसाचं पिवळंधमक लाकूड काळवंडतं आणि ते डाग पॉलिशखालूनही दिसतात, एवढं सुंदर लाकूड असं खराब झालेलं बघवत नाही. ओल्या फणसाचा चीक चेनला धरतो, काम झाल्या झाल्या ब्रशने पुसायचं, दुसऱ्या दिवशी ते दगड होतं.

बॅटरी की पेट्रोल म्हणाल तर दिवसभर सलग काम असेल तर पेट्रोल, नाहीतर बॅटरी. कोरताना मशीन सारखं थांबवावं लागतं, बॅटरीवाल्यात बोट काढलं की शांत, पेट्रोलचं तसंच गुरगुरत राहतं. शिवाय लिटरभर पेट्रोलमध्ये 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल मोजून घाला (50:1), आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे त्यामुळे पावसाळ्यात टाकीत तसंच ठेवलं तर पाणी ओढून कार्बोरेटर बिघडतो, ही कटकट वेगळी. बॅटरीवाल्याला मात्र दोन बॅटऱ्या लागतात आणि त्या स्वस्त नाहीत, आमच्याकडे पावसात लाइट गेली की काम बंदच.

धार लावायला माझ्या चेनला 4 मिमीची गोल कानस लागते. पाव इंची चेनमध्येही बारीक दाताचा एक प्रकार आहे, त्याला 3.2 मिमीची लागते, विचारून घ्या. प्रत्येक दाताला सारखे दोन-तीन हात, नाहीतर मशीन एका बाजूला ओढतं आणि गोल खाच गोल येत नाही.

खरा त्रास झाला तो चेनचा. दुकानदाराने विकताना सगळं मिळतं म्हणून सांगितलं आणि दुसरी चेन द्यायला कितीतरी आठवडे घालवले. त्यामुळे पैसे देण्याआधी पिच, गेज (बारच्या खोबणीत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि त्या खोबणीतल्या कड्यांची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची, संख्या कागदावर लिहून द्या आणि तीच चेन समोर काढून दाखवायला सांगा. जुन्या मशीनला कार्व्हिंग बार लावणार असाल तर नुसता बार बदलून चालत नाही, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दात्यांचं चाक, पण पाव इंची लागतं, तेही त्याच दुकानात आहे का बघा. नसेल तर मशीन कितीही आवडलं तरी दुसरं बघा.