ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मॉप वजन करून सात महिने : माझा अनुभव

मी भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावात तीन-चार नर्सिंग होममध्ये जाऊन भूल देते. सिझर झालं की केसपेपरवर 'रक्तस्राव 400 मिली' लिहायचं, ही आम्हा सगळ्यांची जुनी सवय. तो आकडा नजरेचा असायचा. मग एका रात्री कागदावर 500 होते आणि बाईंची नाडी 130. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. त्या सुखरूप घरी गेल्या, पण मला झोप लागेना. त्याच आठवड्यात एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा डिजिटल काटा आणला.

हिशोब सोपा आहे. मॉप म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं जाड कापड. भिजलेल्या मॉपच्या वजनातून कोऱ्या मॉपचं वजन वजा करायचं. कोऱ्या मॉपांतही थोडा फरक असतो, म्हणून पाच एकत्र ठेवून सरासरी काढते. एक मिली रक्त साधारण 1.05 ग्रॅम भरतं, त्यामुळे ग्रॅम तेवढे मिली धरले तरी चालतं.

खरी अडचण सलाईनची. सर्जन मॉप सलाईनमध्ये पिळून घेतात, मग कोरं वजन निरुपयोगी. आता मॉप कोरडेच द्यायचे असं ठरवलंय. ओला लागलाच तर तो वेगळा ठेवतो. सिझरमध्ये सक्शनच्या (रक्त-पाणी ओढून घेणाऱ्या यंत्राच्या) बाटलीत गर्भजलही येतं. बाळ बाहेर आलं की वार (प्लॅसेंटा) निघण्याआधी बाटलीवर मार्करने रेघ मारतो, त्यावरचं रक्त धरतो. पोट धुतलेलं सलाईन मोजून वजा. तरी टेबलाखाली सांडलेलं आणि योनीमार्गात साचलेलं हिशोबातून निसटतंच, म्हणून शेवटी खालून तपासल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

हिमोग्लोबिनच्या घसरणीवरून रक्तस्राव काढायचं 1983 चं ग्रॉस यांचं सूत्रही वापरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पडताळणीला ठीक. टेबलावर मात्र सलाईन भरत असताना त्यावर विसंबता येत नाही.

नॉर्मल डिलिव्हरीला नितंबांखाली घालायचा, आकड्यांच्या खुणा असलेला ड्रेप (रक्त गोळा करणारी प्लास्टिकची चादर) मला काट्याहून सोयीचा वाटला. असा ड्रेप आपल्या शेजारी बेळगावलाच विकसित झाला, आणि 2006 च्या अभ्यासात त्याच्या तुलनेत नजरेचा अंदाज 33 टक्क्यांनी कमी भरला होता. 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 रुग्णालयांचे निष्कर्ष आले : ड्रेपने लवकर ओळखून सगळे उपचार एकदमच सुरू केल्यावर गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी घटलं. तो भाग मी दोनदा वाचला.

आमच्याकडे रक्त जिल्ह्याहून येतं, दीड तास लागतो. सिस्टर आता दर पाच मॉपांनी आकडा मोठ्याने सांगतात. 700 ऐकलं की मी दुसरी जाड सुई लावते आणि ब्लड बँकेला फोन करते. पूर्वी हा फोन नाडी वाढल्यावर जायचा. सुरुवातीला एका सर्जनना हा वेळेचा अपव्यय वाटला होता. परवा त्यांनीच टाके घालता घालता विचारलं, "सिस्टर, किती झालं?"

काटा घेणार असाल तर पाच किलोपर्यंतचा घ्या, वर पारदर्शक पिशवी चढवा आणि सेलची जादा जोडी ओटीतच ठेवा.