गोळी की पाणी? गुदाशयाच्या ऑपरेशननंतर पोट सांभाळताना

गुदाशयाचा कॅन्सर काढून आतडं जोडलं, स्टोमा (शौचासाठी पोटावर काढलेलं तात्पुरतं तोंड) बंद झाला, तरी संडासचा त्रास संपत नाही, अशांनी ‘लार्स’ (या ऑपरेशननंतर मागे राहणाऱ्या संडासच्या तक्रारी) हे नाव ऐकलेलं असतंच. मी त्यांच्यातलाच एक. पुढचा प्रश्न असा, की लोपेरामाइड (जुलाब आवरणारी गोळी) आणि इसबगोलावर भागवायचं की रोज गुदद्वारातून पाणी आत सोडून आतडं रिकामं करायचं, म्हणजे ट्रान्सएनल इरिगेशन.

गोळीचं कौतुक आधी करतो. पातळ होत असेल, घाईची लागत असेल, तर जेवणाआधी अर्धा तास घेतलेली २ मिलिग्रॅमची गोळी चांगलं काम करते. बाहेर जायचं असेल तर तिच्याइतकं सोपं काहीच नाही. डोस मात्र डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. जास्त झाला तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

माझं गाडं अडलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. संडासहून यावं, हात पुसावेत, खुर्चीत टेकावं आणि पुन्हा कळ यावी. परत जावं तर जेमतेम थोडंसं. तासाभरात हेच चालू. पोट साफ झालं असं वाटतच नाही, त्यामुळे घराबाहेर पडायची हिंमत होत नाही. गोळीने दिवसभराच्या खेपा कमी झाल्या, पण ही हप्त्यांची वसुली थांबली नाही. उलट एखादा दिवस कोरडा जायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळं साचलेलं निघायचं.

लार्सचा त्रास मोजायची ४२ गुणांची प्रश्नावली आहे. तिच्यात दिवसातून किती वेळा जाता याला जास्तीत जास्त ५ गुण, तासाभरात पुन्हा जावं लागतं याला ११ आणि घाईला १६. ती वाचल्यावर वाटलं, आपल्याला नेमकं काय छळतंय ते कोणीतरी ओळखलंय.

पाण्याने माझा हाच त्रास सुटला. अर्धा ते एक लिटर कोमट पाणी हळूहळू आत सोडायचं, मग बसून राहायचं. एकदा मोकळं झालं की पुढचे बरेच तास आतडं शांत असतं. वेळ आपण ठरवतो, हे सुख मला फार मोठं वाटतं.

किंमतही आहेच. पाऊण तास बाथरूम अडतं, पाणी भरभर सोडलं तर पोटात मुरडा येतो, आणि उठल्यावर थोडं पाणी गळतं म्हणून सुरुवातीला पॅड लागतो. कंटाळून सोडून देणारेही बरेच. आतड्याला भोक पडण्याचा धोका क्वचित असतो, पण असतो. म्हणून जोड नीट भरल्याचं सर्जनने तपासून सांगितल्याशिवाय आणि नर्सकडून शिकल्याशिवाय हात लावू नये. करताना जोराचं दुखलं, रक्त आलं किंवा नंतर ताप आला तर लगेच दवाखाना गाठावा.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दोन्हींबरोबर करावेत. मज्जातंतूला उत्तेजन देणारं यंत्र बसवण्याचा विचार हे सगळं करून झाल्यावर.

ऑपरेशनला थोडेच महिने झाले असतील तर घाई नको, पहिल्या वर्षा-दोन वर्षांत पोट आपोआप बरंच सावरतं, तोवर गोळी पुरेशी ठरू शकते. मुख्य तक्रार पातळ होण्याची असेल तरीही गोळीच आधी. पण पुन्हा पुन्हा जावं लागणं हेच दुखणं असेल, तर पुढच्या भेटीत पाण्याचा विषय तुम्हीच काढा. मला तरी तो आपणहून कोणी सुचवला नव्हता.