एका कानासाठी: कासाल्सचा बाख आणि आणखी काही मोनो रेकॉर्डिंग्ज

दीड वर्षापूर्वी एका सकाळी उठले आणि उजव्या कानाला काहीच ऐकू येईना. दडा बसला असेल, निघेल आपोआप, म्हणून चार दिवस तशीच राहिले. तो दडा नव्हता. आतली नसच गेली होती, आणि ते ऐकणं परत आलं नाही. (कुणाला असं झालं तर थांबू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. औषधाचा उपयोग व्हायचा असेल तर तो सुरुवातीच्या दिवसांतच होतो.)

बोलण्याचं एका कानावर भागतं. संगीताचं भागेना. हेडफोन लावून ब्राम्सची चौथी सिंफनी सुरू केली, इतक्या वर्षांत पाठ झालेली, आणि मिनिटभरात बंद केली. ऑर्केस्ट्राच्या नेहमीच्या बैठकीत पहिली व्हायोलिन डावीकडे असतात, चेलो आणि डबल बास ही त्यांची खर्जातली मोठी भावंडं उजवीकडे, आणि स्टिरिओ रेकॉर्डिंग ही बैठक दोन कानांत तशीच वाटून देतं. सुरुवातीला व्हायोलिनच्या खालून चेलोंची जी लाट वर-खाली होत राहते, ती माझ्यासाठी नाहीशी झाली होती. व्हायोलिन वर तरंगत होती आणि त्यांच्या खाली जमीन नव्हती.

फोनच्या सेटिंगमध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या खाली, ‘मोनो ऑडिओ’ असं एक बटण असतं. ते सुरू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखाच जातो. एका कानाच्या माणसाला हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. मला ते तीन महिन्यांनी कळलं. चेलो परत आले, पण गर्दी करून आले. ऐसपैस पसरून बसवलेला ऑर्केस्ट्रा एकाच दारातून आत ढकलल्यासारखा वाटे. तेव्हा ठरवलं की मुळातच एका दाराने यावं म्हणून रेकॉर्ड झालेलं संगीत ऐकायचं. स्टिरिओ तबकड्या १९५८च्या सुमाराला सर्रास बाजारात आल्या. त्याच्या आधीचं ते सगळं माझं.

स्पॅनिश चेलोवादक पाब्लो कासाल्सने वाजवलेले बाखचे सहा चेलो स्वीट (स्वीट म्हणजे नाचांच्या छोट्या तुकड्यांची माळ) मी आधीही ऐकले होते, पण कर्तव्य म्हणून. जुनं आहे, थोर आहे, खरखर फार आहे, असं म्हणून बाजूला ठेवलेले. आता गेले सात आठवडे रोज त्यातला एक तरी ऐकते आहे.

कासाल्सला तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या जुन्या नोटेशनच्या एका दुकानात या स्वीटची प्रत मिळाली. ते लोकांसमोर वाजवण्याआधी त्याने बारा वर्षं घरी रियाज केला आणि रेकॉर्ड करायला बसला तेव्हा साठीला टेकला होता. दुसरा आणि तिसरा स्वीट नोव्हेंबर १९३६मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत, पहिला आणि सहावा जून १९३८मध्ये पॅरिसला, चौथा आणि पाचवा जून १९३९मध्ये, पुन्हा पॅरिसला. ही तीन वर्षं म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धाची वर्षं. शेवटचे दोन स्वीट वाजवले तेव्हा त्याची बाजू, म्हणजे प्रजासत्ताकाची, हरली होती आणि परतायला देश उरला नव्हता.

त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं बसत. टेप नव्हती, त्यामुळे चुकलेला तुकडा कापून दुसरा जोडायची सोय नव्हती. एक बाजू म्हणजे सलग एक वादन. म्हणून इथे गज कधी तारेवरून निसटतो, कधी सूर किंचित हलतो, आणि ते तसंच राहिलेलं आहे. डाव्या हाताची बोटं तर तारेवर इतकी जोरात आपटतात की गज पोचायच्या आधीच सूर ऐकू येतो. स्टिरिओच्या ऐश्वर्यात हे मला कधी ऐकू आलं नव्हतं, कारण मी तेव्हा आवाज कुठून येतोय ते शोधत असायची. आता ‘कुठून’ हा प्रश्नच संपलाय. राहतं ते जवळ आणि लांब. कासाल्सचा चेलो अगदी जवळ आहे, आणि त्याच्या मागे खोली आहे. खर्जातला सूर त्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून परत येतो. मोनो सपाट असतं असं मीही वर्षानुवर्षं मानत आले होते. मोनोत रुंदी नसते. खोली पुरेपूर असते.

पाचव्या स्वीटमधला साराबांद, म्हणजे संथ नाच, मुद्दाम ऐका. बाखने या स्वीटसाठी वरची तार एक पूर्ण स्वर उतरवायला सांगितली आहे, त्यामुळे सगळ्या वाद्यालाच काळोखी चढते. साराबांदमध्ये तर एकही कॉर्ड नाही, दोन तारा एकदम कुठेच वाजत नाहीत. एकच रेघ, पायऱ्या उतरत जाणारी, मध्येच मोठी उडी घेणारी. खालचे आणि वरचे स्वर मनातल्या मनात जोडून स्वरमेळ आपणच तयार करायचा. कासाल्स इथे घाई करत नाही आणि रडतही नाही. प्रत्येक सूर संपवून मगच दुसरा धरतो. हा तुकडा ऐकताना माझ्याकडे एक कान कमी आहे हे मला आठवतही नाही.

सगळंच मला पटतं असं नाही. पहिल्या स्वीटच्या प्रेल्यूडमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्यात, तो एवढा पुढे झेपावतो की शेवटच्या चढाला पोचेपर्यंत श्वास घ्यायला जागा राहत नाही. सहावा स्वीट पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिलेला आहे, चार तारांवर तो वाजवताना होणारी ओढाताण स्पष्ट कळते. आणि हे स्वीट पहिल्यांदाच ऐकणार असाल, दोन्ही कान धड असतील, तर सुरुवात पिएर फूर्निये या चेलोवादकाच्या १९६०-६१च्या रेकॉर्डिंगने करा. तो आवाज स्वच्छ आहे, चाल डौलदार आहे, रचना नीट समजते. मग कासाल्सकडे या.

एक गोष्ट मात्र सांभाळा. कासाल्सच्या याच तबकड्या वेगवेगळ्या लोकांनी साफ करून पुन्हा पुन्हा काढलेल्या आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्याकडे आधी होती त्या प्रतीतली खरखर पार पुसून काढली होती. बरोबर गजाच्या केसांचा आवाजही पुसला गेला होता. चेलो उशीखाली दाबल्यासारखा. ओळखायची खूण सांगते: लांब सूर संपतो तिथे कान द्या. सूर विझताना खरखरही एकदम विझली, नवा सूर येताच परत आली, तर सफाई जास्त झालेली आहे. चांगल्या प्रतीत खरखर पावसासारखी एकसारखी चालू राहते आणि दहा मिनिटांत आपण ती विसरतो.

त्याहून वाईट म्हणजे साठच्या दशकातला खोटा स्टिरिओ. स्टिरिओला मागणी आली तेव्हा जुनी मोनो रेकॉर्डिंग्ज घेऊन वरच्या पट्टीचा आवाज एका बाजूला, खालच्या पट्टीचा दुसऱ्या बाजूला असा फोडून नव्या वेष्टनात विकली गेली. दोन कानांना तो नुसता विचित्र लागतो. माझ्या वाट्याला पियानोचा अर्धाच पट्टा आला. वेष्टनावर ‘इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ’ असं काही दिसलं की मी ठेवून देते.

कासाल्समधून उठले की रोमानियाचा पियानोवादक दिनू लिपाट्टी. फ्रान्समधल्या बझाँसोंचा त्याचा शेवटचा कार्यक्रम, १६ सप्टेंबर १९५०. तो तेव्हा तेहतीस वर्षांचा होता, रक्ताच्या असाध्य आजाराने खंगलेला, आणि अडीच महिन्यांनी गेला. हे माहीत असलं की प्रत्येक सुरात मरण ऐकू यायला लागतं, म्हणून मी ते रेकॉर्डिंग बरीच वर्षं टाळलं. चूक केली. बाखची पहिली पार्टिता सुरू करण्याआधी तो नुसती बोटं फिरवतो, एक छोटासा आरोह, सूर जुळलाय ना हे बघितल्यासारखा. तिथून पुढे जे येतं त्यात आजार कुठेही नाही. बाखचा जिग, पार्टितातला शेवटचा नाच, तर हात हातावरून उड्या मारतात तरी पाण्यासारखा निघतो. मोत्सार्टच्या ए मायनर सोनाटात डाव्या हाताची धडधड आहे, पण धसमुसळेपणा नाही. कार्यक्रमाच्या शेवटी शोपँचे चौदा वॉल्ट्झ होते. तेरा वाजवले, चौदाव्याला ताकद उरली नाही. थोड्या वेळाने परत येऊन त्याने चौदाव्याऐवजी बाखचं एक कोराल, म्हणजे भक्तिगीत, वाजवलं. ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. तेराव्यानंतर ते थांबतं तिथे मी दर वेळी काही वेळ तशीच बसून राहते.

रेडिओसाठी केलेलं ध्वनिमुद्रण आहे, पियानो थोडा काचेसारखा लागतो. चालतं.

पियानोवादक ग्लेन गूल्डने वाजवलेल्या बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एकच गोष्ट सांगते. त्याची दोन रेकॉर्डिंग्ज आहेत, १९५५चं मोनो आणि १९८१चं स्टिरिओ, दोन्ही न्यूयॉर्कच्या एकाच स्टुडिओत केलेली. पहिलं साडेअडतीस मिनिटांत संपतं, दुसरं एकावन्न मिनिटं चालतं. दुसऱ्याला मी फोनवर मोनो केलं आणि शेजारी शेजारी ऐकलं. दुसऱ्याचं काहीही बिघडलं नाही. या रचनेत तीन-तीन आवाज एकमेकांतून चालतात, आणि ते वेगळे ठेवण्याचं काम गूल्डची बोटं करतात, स्पीकर करत नाहीत. एक आवाज तुटक, दुसरा जोडलेला, तिसरा अर्ध्या जोराने. कानाला डावं-उजवं कळायची गरजच पडत नाही. ब्राम्स का कोसळला आणि बाख का उभा राहिला, हे मला या दोन रेकॉर्डिंग्जनी समजावलं.

ऑर्केस्ट्राचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. माहलरच्या ‘दास लीड फॉन डेर एर्डे’चं (‘पृथ्वीचं गाणं’, दोन गायक आणि ऑर्केस्ट्रासाठी) संचालक ब्रूनो वॉल्टरने मे १९५२मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेलं रेकॉर्डिंग मोनोच आहे. त्यात टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, युलियस पात्साकच्या पहिल्या गाण्यात वाद्यांचा लोट अंगावर येतो, व्हायोलिन टोचतात, मी आवाज कमी करते. पण शेवटचं निरोपाचं गाणं जवळजवळ अर्ध्या तासाचं आहे आणि तिथे बहुतेक वेळ चार-पाचच वाद्यं वाजत असतात. गायिका कॅथलीन फेरिअरचा आवाज त्यात कसा येतो ते मला नीट सांगता येणार नाही. तो मोठा होत नाही, जवळ येतो. ती तेव्हा कॅन्सरवर उपचार घेत होती, दीड वर्षाने एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. अगदी शेवटी ‘एव्हिश’, म्हणजे ‘सदैव’, हा एकच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणते. दर वेळी सूर षड्जाच्या दारापर्यंत उतरतो आणि आत जात नाही. मागे मँडोलिन आणि चेलेस्टा (छोट्या घंटांसारखा वाजणारा, पियानोसारख्या पट्ट्यांचा) असतात. मँडोलिन मला तिसऱ्यांदा ऐकताना सापडलं.

या आठवड्यात बुश क्वार्टेटचं बेथोव्हन सुरू केलंय, ऑपस १३२, १९३७चं रेकॉर्डिंग. चार सारख्याच जातीची वाद्यं (दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो), एकच वाट, एकच कान. पहिल्या दिवशी पहिलं व्हायोलिन आणि चेलो तेवढे हाताला लागले. तिसरा भाग बेथोव्हनने दुखण्यातून उठल्यावर लिहिला, बऱ्या झालेल्या माणसाचं देवाला आभारगीत म्हणून, आणि तो फार संथ आहे. काल रात्री त्यात दुसरं व्हायोलिन सापडलं. व्हिओला अजून सापडायचाय.