इनोव्हाच्या काचा काढून रंग मारला: कटिंग वायरच्या किटचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी 2010 ची इनोव्हा, रंग चंदेरी, मुक्काम रत्नागिरी. बारा महिने खारी हवा आणि वर आंब्याचं झाड. टपावरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटायला लागला, तेव्हा एप्रिलमध्ये पूर्ण गाडी रंगवायची ठरवली. रंग तोच ठेवायचा होता, त्यामुळे आरटीओची भानगड नव्हती.

पेंटर ओळखीचा. तो म्हणाला, "काका, काचा कशाला काढताय? टेप मारून पेपर लावतो, कोणाला कळणार पण नाही."

खरं आहे, लगेच कळत नाही. दोन पावसाळ्यांनी कळतं. टेपच्या कडेला रंगाची बारीक पायरी राहते, तिच्याखाली पाणी शिरतं आणि क्लिअर उचलायला लागतो. मेव्हण्याच्या गाडीच्या पुढच्या काचेभोवती नखाने सोलून निघेल अशी किनार मी बघितली होती. शिवाय काचेखालच्या पत्र्याला गंज असेल तर टेप मारून तो दिसणारच नाही. म्हणून काचा काढायच्याच, असं ठरवलं.

काचवाल्याने चार काचांचे, म्हणजे पुढची, मागच्या दारावरची आणि तिसऱ्या रांगेच्या बाजूच्या दोन, काढून बसवायचे 8,500 सांगितले. वर "फुटली तर तुमची". फुटली तर माझीच, तर मग माझ्याच हातून फुटू दे, म्हणून 1,150 रुपयांचं किट मागवलं. त्यात पिळाच्या तारेचं रीळ, दोन हँडल आणि तार आरपार घालायची लांब आरी होती. काच उचलायचे सक्शन कप वेगळे घेतले, 600 रुपयांचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. अँबेसेडर, पद्मिनीच्या काळात काच रबरात बसायची. रबराची कड आतून सोडवत बाहेर ढकलली की काच हातात. आताच्या गाड्यांची काच पॉलियुरेथेनने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. गॅरेजवाले तिला पेस्टिंगची काच म्हणतात. ती ढकलून निघत नाही, मधला काळा थर कापावाच लागतो. पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा, ती पिळली गेली की तडा जातो. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड. त्या पुष्कळ सहन करतात, पण कडेला टोचलं की एका क्षणात खडीसाखर.

काम असं केलं. वायपर, त्याखालची काउलची जाळी, खांबांची आतली पट्टी, आरसा सगळं उतरवलं. खालच्या कोपऱ्यात आरीने थर भोसकून तार ओवली. आत मी, बाहेर भाचा. आम्ही सुरुवातीला करवतीसारखं भराभर ओढायला लागलो, तर पाच मिनिटांत जळक्या रबराचा वास आणि तार फट्‌दिशी तुटली. घर्षणाने थर तापून चिकट होतो आणि तारेला धरून ठेवतो. मग साबणाचं पाणी मारत, हातभर लांब आणि संथ ओढा घेतला. "मामा, तुम्ही ओढा... आता मी." त्या लयीत तार अशी सरकायला लागली की काळ्या थराची बारीक वळवळती साल डॅशबोर्डवर पडत होती. तार काचेला घासूनच ठेवायची, पत्र्याकडे झुकू द्यायची नाही. खालची कड सगळ्यात अवघड, कारण डॅशबोर्ड आणि काच यांच्यात कोपर वळायला जागाच नसते. डॅशबोर्डला तारेचा ओरखडा बसू नये म्हणून घरातली जुनी एक्स-रे फिल्म मध्ये सरकवली. बाबांच्या गुडघ्याची होती, कामाला आली.

पुढची काच पावणेदोन तासांत अखंड निघाली. फास्टॅगसकट. काच फुटली असती तर नव्या टॅगचा व्याप वेगळा.

खरी कमाई काच निघाल्यावर दिसली. 2016 मध्ये मुंबई-गोवा हायवेवर दगड लागून काच बदलली होती. त्या वेळी ज्याने ती बदलली त्याने जुना थर सुरीने कापताना पत्र्यावर तीन ठिकाणी ओरखडे पाडून तसेच सोडले होते. त्या तिन्ही जागी गंज थराखाली वीतभर पसरलेला. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. घासून चकचकीत पत्रा काढला, एपॉक्सी प्रायमर मारला. टेप मारून रंगवली असती तर नव्या रंगाखाली हा उद्योग तसाच चालू राहिला असता.

उजवी क्वार्टर काच, म्हणजे तिसऱ्या रांगेच्या बाजूची, मात्र फुटली. चूक माझीच. आरी घालताना टोक काचेच्या कडेला लागलं. आवाज फार मोठा नाही, फक्त अख्खी काच सीटवर सांडली. भाचा दोन मिनिटं बोललाच नाही. कुर्ल्याहून जुनी काच मागवली, 1,800. मागच्या काचेला डिफॉगर, म्हणजे वाफ घालवणाऱ्या गरम रेघा आहेत, त्यांच्या वायरी आधी सोडवल्या आणि तार तिथे आतल्या बाजूला येऊ न देता फिरवली. ती विनातक्रार निघाली.

आता महत्त्वाचं. जुना थर पत्र्यावरून पूर्ण खरवडायचा नाही. एक-दोन मिलिमीटर ठेवायचा, कारण ताज्या कापलेल्या जुन्या थराला नवं पेस्टिंग सर्वांत चांगलं धरतं. पण त्या थरावर रंग अजिबात बसता कामा नये. रंगावर चिकटवलं तर काच गाडीला चिकटत नाही, रंगाच्या पापुद्र्याला चिकटते. म्हणून थरावर अरुंद टेप लावून गाडी पेंटरकडे दिली आणि दहा वेळा बजावलं.

बसवताना नळीचं तोंड व्ही आकारात कापलं म्हणजे पेस्टिंग उभ्या त्रिकोणासारखं, साधारण 12 मिलिमीटर उंच पडतं. काचेच्या काळ्या किनारीला आधी क्लीनर, मग प्रायमर. ही काळी किनार शोभेची नाही, ती पेस्टिंगला उन्हापासून वाचवते. सिलिकॉन स्वस्त पडतं म्हणून कोणी सुचवलं तर हात जोडा. एक तर ते काच धरून ठेवणार नाही, वर रंगकामाच्या आसपास गेलं तर रंगात डोळे, म्हणजे गोल खळगे, पडतात. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, तेव्हा कोकणातल्या दमट हवेचा गाडीला पहिल्यांदाच काही उपयोग झाला. पूर्ण दिवस गाडी हलवली नाही, एक खिडकी बोटभर उघडी ठेवली. सगळ्या खिडक्या बंद असताना दार आपटलं तर आतली हवा ओली काच बाहेर ढकलते. आणि चालकाशेजारच्या सीटसमोरची एअरबॅग फुगते ती काचेचा आधार घेऊन, म्हणून इथे घाई नको.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुढच्या डाव्या सीटखालचं पायपुसणं ओलं. रत्नागिरीचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्याला छोटी फटसुद्धा पुरते. भाचा आत टॉर्च घेऊन बसला आणि मी नळीने आधी खालून, मग हळूहळू वर पाणी सोडत गेलो. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. गळती डाव्या खालच्या कोपऱ्यात निघाली. जुलैत उघडीप बघून पुन्हा तार ओवली आणि काच काढली. बाकी सगळीकडे कापावं लागलं, त्या वीतभर जागी मात्र नवं पेस्टिंग नुसत्या बोटाने उचललं गेलं, आणि त्याच्या खालच्या अंगाला चंदेरी रंगाची गुळगुळीत साल. पेंटरला विचारलं. क्लिअरमध्ये धूळ बसली म्हणून त्याने तेवढी जागा घासून पुन्हा मारली होती, टेप न लावता. मीही काच बसवताना बघितलं नाही, हेही खरं. रंग कापून ताजा थर उघडा केला, नव्याने चिकटवलं. त्यानंतर गणपती गेले, दिवाळी गेली, आत एक थेंब नाही.

खर्चाचा हिशोब: किट 1,150, कप 600, पेस्टिंग-प्रायमर 2,400, फुटलेली काच 1,800, जुलैतली पेस्टिंगची जास्तीची पिशवी 650. एकूण 6,600. वाचले फक्त 1,900, आणि पाठ आठवडाभर धरली ती वेगळी. पैशासाठी कोणी हे करत असेल तर काचवाल्याकडेच जा. मी पुन्हा करेन ते पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो म्हणून.

किटबद्दल थोडक्यात. तार उत्तम. तुटते ती बहुतेक घडी पडल्यावर, म्हणून रीळ सोडताना गाठ पडू देऊ नका, आणि हातमोजे हवेतच, तुटलेलं टोक सुईसारखं शिरतं. हँडल भिकार. तार धरायचा स्क्रू दुसऱ्याच काचेला निसटायला लागला, शेवटी तुटक्या फावड्याच्या दांड्याचे दोन तुकडे करून त्यांना तार गुंडाळली, ते कंपनीच्या हँडलपेक्षा सरस निघाले. आरी चांगली पण टोक फार धारदार, क्वार्टर काचेला वापरण्याआधी मी ते आता कानशीने बोथट केलंय. सक्शन कप काच पुसून घेतली तरच धरतात आणि दर पाच मिनिटांनी तपासावे लागतात.

ताशी 90 च्या पुढे डाव्या खांबाकडून बारीक शीळ येते. ती पेस्टिंगची नाही, बाहेरच्या बीडिंगची एक क्लिप मी तोडली तिची आहे. क्लिप मागवून तीन आठवडे झाले. रीळ निम्मं शिल्लक होतं, ते शेजारी त्यांच्या गाडीसाठी घेऊन गेले. तार परत आली, सक्शन कप अजून त्यांच्याकडेच आहेत.