नॉर्वेची वाट की कॅनडाची?

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडायचं ठरवलं. बाहेर पडून जायचं कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. भांडण तिथेच पेटलं.

नॉर्वेची वाट: संघाबाहेर राहूनही त्याच्या एकल बाजारपेठेत, म्हणजे एकाच नियमांच्या सामायिक बाजारात राहा, वर्गणी भरा, लोकांची ये-जा खुली ठेवा, नियम ठरवताना मात्र मत नाही. शिवाय नॉर्वे सीमाशुल्क संघात (आपसात जकात नाही, बाहेरच्यांना एकच जकात) नाही, म्हणून स्वीडनच्या सीमेवर कागद दाखवावेच लागतात. हे तिचे समर्थक हळूच गाळत.

कॅनडाची वाट: संघाशी फक्त व्यापार करार, नियम आपले, कटकट सीमेवर. ब्रिटनने २०२१ पासून जवळपास हीच धरली. शून्य आयातशुल्क ऐकायला गोड. पण चीजच्या खेपेला आरोग्य दाखला हवा. भारतातला ब्राऊन बासमती ब्रिटनमध्ये नुसता कोंडा काढून पॉलिश केला, तर तो ‘ब्रिटिश’ ठरत नाही आणि युरोपीय संघात विकताना शून्य शुल्काची सवलत हुकते.