काळ्या रानाची माती भरलेलं कार्पेट आणि पाथर्डी फाट्याकडची शेड

नाशकात गाडी धुऊन देणारे गल्लोगल्ली आहेत. बाहेरून फोम, आतून व्हॅक्यूम, डॅशबोर्डला पॉलिश, झाली गाडी चकाचक. गंगापूर रोड ते कॉलेज रोड फिरणाऱ्या गाडीला तेवढं पुरतंही. पण ज्यांची गाडी रोज द्राक्षबागेत जाते त्यांच्यासाठी पाथर्डी फाट्याकडच्या एका कार वॉशिंग शेडबद्दल हे लिहितेय. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे ज्यांचं रान आहे त्यांना लगेच कळेल मी कशाबद्दल बोलतेय ते.

आमची जुनी एर्टिगा नावाला फॅमिली गाडी. मागची सीट पाडली की क्रेट, औषधांचे डबे, ठिबकच्या नळ्या, बायकांचे जेवणाचे डबे, सगळी वाहतूक तिच्यातूनच. गोडी छाटणीपासून (फळासाठी करतात ती) माल निघेपर्यंत तिला उसंत नसते. यंदा बाग खाली झाली तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखाली माती इतकी घट्ट बसली होती की नखाने खरवडली तर ढलप्या निघायच्या. मागे क्रेटमधून गळालेल्या रसाचा चिकट पट्टा, त्यावर धूळ बसून काळाकुट्ट झालेला. मधल्या सीटखाली लेकाचं दूध सांडलेलं. डाव्या बाजूला पुढे बोर्डोचे, म्हणजे बागेवर फवारायच्या औषधाचे, निळे शिंतोडे. आणि एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा कुबट वास.

पाथर्डी फाट्याकडे जायच्या आधी घराजवळच्या एका वॉशिंग सेंटरला गाडी दिली होती. त्यांनी चारी दारं उघडून सरळ पाणी मारलं, शाम्पू ओतला, ब्रशने खसाखसा घासलं आणि वर लिंबाच्या वासाचा स्प्रे मारून दिला. ओलं होतं तोवर कार्पेट छान दिसलं. वाळल्यावर तेच डाग त्याच जागी वर आले, वास आणखी वाढला. पैसे घेतले ते घेतलेच, वर म्हणाले, शेतातली गाडी आहे, एवढंच निघणार. हे मला फार लागलं. शेतातली गाडी म्हणजे कशीही चालते, असं थोडंच आहे? त्याच गाडीतून नाना दवाखान्यात जातात आणि लेक शाळेत.

पाथर्डी फाट्यावरून अंबडच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे. बोर्डावर ‘कार वॉशिंग, डिटेलिंग’ एवढंच रंगवलेलं. गाडी दाखवायला गेले तर मालकांनी आधी खाली वाकून कार्पेटमध्ये बोट खुपसलं आणि म्हणाले, “ताई, आता ही भिजवू नका. दोन-तीन दिवस दारं उघडी टाकून उन्हात ठेवा, मग आणा. माती जेवढी कोरडी तेवढी जास्त निघते.”

यातच सगळं आलं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात. गाडीचं कार्पेट म्हणजे वर दिसतो तेवढाच कपडा नव्हे. त्याच्या खाली फेल्टचा (नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचा) किंवा फोमचा जाड थर असतो, त्याच्या खाली पत्रा. वरून पाणी मारलं की माती धुऊन जात नाही, तिचा चिखल होतो आणि धाग्यांतून खालच्या थरात उतरतो. नंतर वरचा कपडा वाळायला लागला की खालची ओल वर ओढली जाते आणि मळ बरोबर घेऊन येते. ‘डाग परत आला’ म्हणतात तो बहुतेक वेळा असाच आलेला असतो.

म्हणून इथे पहिला अर्धा दिवस पाण्याचा थेंब वापरला नाही. मी थांबून बघितलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, थोडा वेळ जाऊ दिला, मग सीटखालचे कनेक्टर सोडवले. साइड एअरबॅगवाल्या गाडीत तिथे पिवळे कनेक्टर असतात, बॅटरी चालू ठेवून त्यांना हात लावला तर मीटरवर एअरबॅगचा दिवा लागून बसू शकतो. हे त्यांनी न विचारता सांगितलं. मग बोल्ट खोलून पुढच्या दोन्ही सीट बाहेर. सीटच्या रुळांखाली काय काय निघालं! वाळलेले द्राक्षमणी, सुतळी, औषधाच्या बाटल्यांची झाकणं आणि गेल्या हंगामात हरवलेली विरळणीची कात्री. सीट न काढता कार्पेट साफ केलं म्हणणाऱ्यावर मी आता विश्वास ठेवणार नाही.

मग एक पोरगा रबरी हातोडीने कार्पेट थापटत पुढे सरकत होता आणि दुसरा मागोमाग व्हॅक्यूमची नळी धरून होता. थापटलं की खोल बसलेली रेती उडून वर येते. पायडलच्या मागे, कडेच्या पट्टीखाली हवेच्या गनने माती उडवायची आणि लगेच ओढून घ्यायची. या कामाला घाई केली नाही, आणि माझ्या मते खरी सफाई इथेच झाली.

पाणी दुपारनंतर. क्लीनर एकास दहा पातळ करून हलका फवारला, जरा मुरू दिला, वाळू मात्र दिला नाही. मग ड्रिलला लावलेला मऊ ब्रश, आणि त्यानंतर ते मशीन जे एका तोंडाने पाणी मारतं आणि लगेच ओढून घेतं. त्याची टाकी पारदर्शक आहे. पहिलं पाणी काळं, मग चहाच्या रंगाचं, मग गढूळ. शेवटी नुसत्या साध्या पाण्याने फेऱ्या मारल्या, टाकीत स्वच्छ पाणी येईपर्यंत. साबणाचा अंश आत राहिला तर तो चिकट असतो, त्यावर नवी धूळ लवकर बसते.

डागागणिक उपाय वेगळा होता हे मला विशेष आवडलं. रसाची साखर कोमट पाण्याने सुटली. दुधाच्या जागी मात्र गरम पाणी अजिबात लावलं नाही, कारण दुधातली प्रथिनं उष्णतेने गोठून धाग्याला धरून बसतात. तिथे थंड पाणी आणि एन्झाइमवालं औषध लावून वरून ओला कपडा झाकून ठेवला. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, त्यावर साबणाचं काही चालत नाही. कोरड्या ब्रशने पापुद्रा काढला आणि पातळ केलेलं व्हिनेगर टिपून टिपून लावलं. तो डाग पूर्ण गेलेला नाही, उन्हात नीट पाहिलं तर फिकट निळसर झाक दिसते. पण “हा शंभर टक्के जाणार नाही” असं त्यांनी पैसे ठरवायच्या आधीच सांगितलं होतं.

आता वासाचं. पुढचं डावीकडचं कार्पेट उचललं तर खालचं फेल्ट पिळता येईल इतकं ओलं! एसीच्या आत जे पाणी जमतं ते एका बारीक नळीने गाडीखाली टपकतं. आमची ती नळी मातीने बुजली होती, त्यामुळे पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत उतरत होतं. म्हणजे वरून कितीही धुतलं, कितीही सुगंधी स्प्रे मारले, तरी वास जाणं शक्यच नव्हतं. नळी मोकळी केल्याबरोबर गाडीखाली धार लागली. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. तुमच्या गाडीत कुबट वास येत असेल आणि एसी चालू असताना खाली पाणी टपकत नसेल, तर कार्पेट धुण्याआधी ही नळी तपासून घ्या. ओल तशीच राहिली तर खालचा पत्रा गंजतो, तो खर्च वेगळाच.

गाडी संध्याकाळी मिळेल असं बोलणं झालं होतं, मिळाली दुसऱ्या दिवशी. मला अडचण झाली, रिक्षाने घरी यावं लागलं. पण मालकांनी कार्पेटखाली हात घातला आणि म्हणाले, “नाही ताई, खाली अजून गार लागतंय, आज नाही देत.” कार्पेटखाली लाकडी ठोकळे देऊन रात्रभर ब्लोअर लावून ठेवला. फोन करून हे आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. फोनच्या बाबतीत ही मंडळी कच्चीच आहेत, दोनदा लावल्याशिवाय उचलत नाहीत.

आणखी एक कमी म्हणजे बसायची सोय. रस्त्याला लागून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एमआयडीसीचे ट्रक आणि धुरळा. गाडी सोडून निघून जाणं उत्तम. तिसऱ्या रांगेच्या कोपऱ्यातही पुढच्याइतका हात फिरलेला नव्हता. दाखवल्यावर त्यांनी कुरकूर न करता पुन्हा केलं, पण गाडी ताब्यात घेताना मागपर्यंत वाकून बघा.

पैसे 3,500 झाले, सात सीटरचे, पुढच्या सीट काढून. सीट न काढता 2,000 सांगतात, पण मातीच्या गाडीला ते करू नका, अर्धवट काम होईल. दर गाडी बघून ठरतो, फोनवर विचारून उपयोग नाही. जायचं असेल तर मृगाच्या आत जा. पावसाळ्यात ते कार्पेटचं ओलं काम शक्यतो घेत नाहीत, वाळत नाही म्हणून सरळ नाही म्हणतात. एप्रिल-मेमध्ये खरड छाटणी (माल निघाल्यावरची) उरकली की आपल्यालाही वेळ असतो आणि ऊनही कडक असतं. गाडी देण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: सीट काढणार ना, एसीची नळी बघणार ना, आणि फेल्ट वाळल्याशिवाय कार्पेट परत बसवणार नाही ना.